दगड घेताना त्याचं कूळ विचारा

ओट्याचा दगड बघायला येताना एक लिंबू घेऊन या. विसरलात तर आमच्या गल्ल्यावर असतंच. दगडाची पॉलिश नसलेली कड खिळ्याने थोडी खरवडायची आणि त्या भुकटीवर दोन थेंब पिळायचे. बारीक फसफस झाली तर दगड चुन्याच्या घराण्यातला. खिळ्याने ओरखडाच उठला नाही आणि रसही नुसता ओघळून गेला, तर बहुधा तो ग्रॅनाइटच्या बाजूचा.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. दगडाचं मात्र विचारावंच, कारण तो जसा जन्मला तसाच घरात वागतो.

आपला काळा दगड

साताऱ्याचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबलांब भेगांतून लाव्हा वर आला, पसरला, निवला आणि त्यावर पुन्हा नवा थर आला. असं किती वेळा झालं ते सह्याद्रीचे कडे दाखवतात: उभा कडा, मग उतार, पुन्हा कडा. या पायऱ्यांवरूनच ‘डेक्कन ट्रॅप’ हे नाव पडलं. स्वीडिश भाषेत ‘ट्रॅपा’ म्हणजे जिना. अशा वितळलेल्या रसातून निवलेल्या दगडांना अग्निजन्य खडक म्हणतात.

लाव्हा उघड्यावर लवकर थंड झाला, म्हणून बेसाल्टचे कण डोळ्यांना सहसा दिसत नाहीत. थराच्या माथ्याकडे वायूचे बुडबुडे अडकले तिथे दगड सच्छिद्र झाला आणि पुढे त्या भोकांत पांढरे स्फटिक भरले. पाया, जोतं किंवा कंपाउंडसाठी असा माल उतरवून घेण्याआधी हातोडीने ठोकून बघा. घट्ट दगड खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. हाच दगड ऊनपावसाने झिजत आधी मुरूम होतो आणि शेवटी शेतातली काळी माती.

जांभाही या बेसाल्टचाच. लाखो पावसाळ्यांनी त्यातली सिलिका (वाळूतला मुख्य घटक) धुवून नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. कासचं पठार आणि पाचगणीचं टेबललँड याच जांभ्याचं. खाणीत मऊ, हवा लागली की टणक. पण पाणी शोषतो, म्हणून ओलीच्या भिंतीला आम्ही तो सुचवत नाही.

ग्रॅनाइट आपल्याकडे का मिळत नाही?

हा प्रश्न नेहमी येतो. मिळत नाही, पण आहे! कोयनेच्या भूकंपांच्या अभ्यासासाठी पाटण तालुक्यात गोठणे इथे 3 किलोमीटर खोल विवर खोदलं गेलं. वरचा सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट संपल्यावर खाली ग्रॅनाइटच्या जातीचे, कितीतरी जुने खडक लागले. म्हणजे आपण सगळे ग्रॅनाइटवरच राहतो, फक्त तो हाताला येत नाही. म्हणून माल कर्नाटक, आंध्र, तेलंगणा, राजस्थानातून येतो.

ग्रॅनाइट जमिनीच्या पोटात अगदी सावकाश निवतो, त्यामुळे स्फटिक मोठे होतात आणि ठिपके दिसतात. त्यातलं क्वार्ट्‌झ (गारगोटीचं खनिज) सुरीच्या पोलादापेक्षा कठीण असतं, आणि लिंबाचिंचेचा त्यावर परिणाम होत नाही. बाजारातला ‘ब्लॅक ग्रॅनाइट’ मात्र बहुतेक वेळा शास्त्राच्या भाषेत गॅब्रो किंवा डोलेराइट असतो, म्हणजे आपल्या बेसाल्टचाच खोलात निवलेला भाऊ. ओट्याला तोही उत्तम.

चुन्याचं घराणं

शहाबादी, कोटा, कडप्पा हे तिन्ही चुनखडक. जुन्या समुद्रांच्या तळाशी गाळ थरावर थर साचून, दाबला जाऊन ते बनले. म्हणून त्यांना गाळाचे किंवा स्तरित खडक म्हणतात, आणि म्हणूनच त्यांच्या सपाट लाद्या निघतात. पडवी, जिना, फडताळं यांना स्वस्त आणि टिकाऊ. कडप्प्याच्या ओट्यावर ताक, चिंच सांडली तर पांढुरके चट्टे पडतात; लगेच पुसा आणि अधूनमधून खोबरेल तेलाचा हात फिरवा.

मार्बल म्हणजे हाच चुनखडक, पण जमिनीखालच्या उष्णतेने आणि दाबाने नव्याने स्फटिकलेला. याला रूपांतरित खडक म्हणतात. (शेल या चिखलाच्या खडकाची स्लेट होते, वाळूच्या खडकाचा क्वार्ट्‌झाइट.) रूप पालटलं तरी अंगातला चुना जात नाही. काही वर्षांपूर्वी कराडच्या एका घरात आम्ही हौसेखातर पांढऱ्या मार्बलचा ओटा बसवून दिला. लोणच्याच्या दिवसांत त्यावर लिंबं चिरली गेली आणि जिथे रस सांडला तिथलं पॉलिशच खाल्लं गेलं. ते डाग नव्हते, त्यामुळे घासून निघणार कसे? ताई काही बोलल्या नाहीत, पण आधी सांगायला हवं होतं ते आम्हीच. हे पत्रक त्यासाठीच छापलं आहे. मार्बल देवघराला घ्या, बैठकीला घ्या. ओट्याला नको.

आवडलेल्या दगडाचा तुकडा आम्ही विनामूल्य देतो. घरी न्या, त्यावर भिजलेलं कोकम रात्रभर ठेवा आणि सकाळी बघून मग ऑर्डर द्या.