न दिसणारा घाम

सकाळी सहाला भुसावळ सोडलेली आमची बारा सायकलींची रांग यावल, फैजपूर, सावदा करत रावेरला पोहोचली तेव्हा दहा वाजून गेले होते. मार्चअखेरचं ऊन. गटातला एक नवखा मुलगा म्हणाला, "दादा, मला तर घामच येत नाही, पाणी कशाला?" त्याला भिंतीच्या आडोशाला उभं केलं. मिनिटभरात कानामागून धारा सुरू!

घाम आधीही येतच होता. खानदेशातली उन्हाळी हवा कोरडीठाक, त्यात सायकलच्या वेगाचा वारा. कातडीवर आला की उडून जायचा. आणि तो उडायलाच हवा. आपण खर्च करतो त्या ऊर्जेतला जेमतेम पाव हिस्सा पायडलला मिळतो, बाकीच्याची उष्णता होते. एक लिटर घामाची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता अंगातून निघून जाते. सपाटीवर बेतानं चालवली तरी ताशी अर्धा लिटर घाम सहज लागतो. हवा चाळीस अंशांना टेकली की तीच अंग तापवू लागते; मग वाफेशिवाय दुसरी वाटच उरत नाही.

केळीच्या बागा मागे पडून सातपुड्यातल्या पाल गावचा चढ लागला, वेग ताशी सात-आठ किलोमीटरवर आला, वारा सरला. घाम हँडलवर टपटपू लागला. असा गळणारा घाम वाया जातो: पाणी जातं, गारवा मिळत नाही. म्हणून मी चढ नेहमी सकाळीच उरकायला सांगतो.

सपाटीवर गटाचा मोठा आधार. पुढचा हवा कापतो, मागच्याला कमी जोर लागतो. पुढे कोणी राहायचं ते दर दहा मिनिटांनी बदलायचं.

दुपारी पालला त्या मुलाच्या काळ्या टी-शर्टवर पाठभर पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. मीठ! लिटरभर घामातून साधारण ग्रॅमभर सोडियम जातं. अशा वेळी नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस असंबद्धही बोलू लागतो. लिंबू सरबत इथे खरं कामाचं. लहान आतड्यात साखर आणि सोडियम जोडीनंच आत शिरतात आणि त्यांच्यामागून पाणी ओढलं जातं. मीठ घातलेलं ताक आणि सोबत दोन केळी, हेही चालतं.

त्यानं दोन ग्लास सरबत घेतलं. अर्ध्या तासानं तो पुन्हा बोलू लागला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की चढावर तो गप्प झाला होता.