पीआर ते पासपोर्ट : मधल्या वर्षांचा इतिहास

पीआर, म्हणजे परदेशात कायम राहण्याचा परवाना, हातात पडली की घराघरात नागरिकत्वासाठी दिवसांचा हिशेब सुरू होतो. देशात किती राहिलो, बाहेर किती होतो, आईच्या आजारपणात गेलो तेव्हाचे धरायचे की वगळायचे? कॅनडात नागरिकत्वाच्या अर्जाच्या आधीच्या ५ वर्षांत १,०९५ दिवस भरावे लागतात. ब्रिटनमध्ये नेहमीच्या मार्गाने अर्ज करणाऱ्याने ५ वर्षांत साधारण ४५० दिवसांपेक्षा जास्त देशाबाहेर राहिलेलं चालत नाही. अमेरिकेत ग्रीन कार्डावर ५ वर्षं आणि त्यातला निम्मा काळ प्रत्यक्ष देशात, तर ऑस्ट्रेलियात कायदेशीर वास्तव्याची ४ वर्षं, त्यातलं शेवटचं वर्ष पीआरवर. हे आकडे इतक्या ठामपणे छापलेले असतात, की कुणीतरी एकदा बसून शांतपणे ते ठरवले असावेत असं वाटतं. प्रत्यक्षात ते निवडणुकांतून, युद्धांतून आणि कोर्टकचेऱ्यांतून आले आहेत, आणि मागेपुढेही बरेच झाले आहेत.

परक्या देशात कायमचं राहायचं, तिथे कर भरायचा, पण नागरिक मात्र नसायचं, ही अवस्था फार जुनी आहे. प्राचीन अथेन्समध्ये बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या लोकांचा वेगळा वर्गच होता. ते दरवर्षी खास कर भरत, व्यापार करत, लढाईवर जात. जमीन मात्र त्यांच्या नावावर होत नसे आणि सभेत मत देता येत नसे. कितीही वर्षं राहिलं तरी हे बदलत नसे. नागरिकत्व मिळालंच तर नागरिकांच्या सभेने खास ठराव करून दिलेला मान म्हणून. पासियोन हा गुलामगिरीतून सुटून मोठा सराफ झालेला माणूस. त्याने शहराला हजार ढाली आणि युद्धनौका दिल्या, तेव्हा कुठे तो नागरिक झाला.

ठरावीक वर्षं भरली की हक्क मिळणार, हा विचार रोमच्या सैन्यात दिसतो. नागरिक नसलेल्या प्रांतांतून भरती झालेल्या सहायक पलटणीतल्या शिपायाने २५ वर्षं नोकरी केली की त्याला रोमन नागरिकत्व मिळे. त्याचा दाखला म्हणजे तारेने एकत्र बांधलेले दोन काशाचे पत्रे. मजकूर दोनदा कोरलेला असे, एकदा बाहेर वाचायला आणि एकदा आत, सात साक्षीदारांच्या मोहरांखाली बंद. बाहेरच्या मजकुरात कुणी खाडाखोड केल्याची शंका आली तर मोहरा फोडून आतला मजकूर ताडून पाहता येई. असे शेकडो पत्रे आज संग्रहालयांत आहेत. पुढे इ.स. २१२ मध्ये सम्राट काराकालाने साम्राज्यातल्या जवळपास सगळ्या स्वतंत्र माणसांना एका फर्मानाने नागरिक करून टाकलं.

आजच्या पीआरचा खरा पूर्वज इंग्लंडमध्ये सापडतो. तिथे परक्या माणसासाठी दोन पायऱ्या होत्या. पहिली राजाच्या सनदेची. ती मिळाली की जमीन विकत घेता येई, पण वारशाने मिळत नसे. दुसरी पायरी पूर्ण नागरिकत्वाची, आणि त्यासाठी संसदेने त्या माणसाच्या नावाने स्वतंत्र कायदाच करावा लागे. जर्मनीत जन्मलेला संगीतकार हँडल १७२७ मध्ये असाच कायदा होऊन ब्रिटिश प्रजाजन झाला. खर्च इतका, की हा मार्ग श्रीमंतांनाच परवडे. शिवाय अर्जदाराने आधी प्रोटेस्टंट पंथाप्रमाणे प्रसाद घेतलेला असणं सक्तीचं होतं, म्हणजे कॅथलिक आणि ज्यू दारातच अडत.

हा सगळा प्रकार बदलला तो वसाहतींना माणसं हवी होती म्हणून. १७४० मध्ये ब्रिटिश संसदेने अमेरिकेतल्या वसाहतींसाठी कायदा केला: तिथे ७ वर्षं राहा, शपथ घ्या, नागरिक व्हा. प्रत्येकासाठी वेगळा कायदा नको, राजाची मेहरबानी नको. ज्यू आणि क्वेकर (एक प्रोटेस्टंट पंथ) लोकांसाठी धार्मिक अटीही सैल केल्या. कॅथलिक मात्र बाहेरच राहिले. याच कायद्यात एक छोटी अट होती: या ७ वर्षांत एका वेळी दोन महिन्यांपेक्षा जास्त काळ वसाहतीबाहेर राहता कामा नये. आज विमानाची तिकिटं आणि पासपोर्टावरचे शिक्के पुढ्यात ठेवून आपण जो हिशेब मांडतो, तो इतका जुना आहे. माझ्या मते या विषयाच्या इतिहासातलं सर्वांत मोठं वळण हेच. माणूस किती काळ इथे राहिला आहे, या मोजता येणाऱ्या गोष्टीवर त्याचा हक्क उभा राहू लागला.

परकीयांना सामावून घेणारे वसाहतींचे कायदे राजा अडवतो, ही तक्रार अमेरिकेच्या १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातही आहे. नव्या देशाने १७९० मध्ये पहिला कायदा केला तेव्हा अट फक्त २ वर्षांची होती. १७९५ मध्ये ती ५ झाली. १७९८ मध्ये एकदम १४. कारण सरळ राजकीय होतं: नव्याने आलेले आयरिश आणि फ्रेंच लोक जेफरसनच्या पक्षाला मतं देतात, हे सत्ताधारी फेडरलिस्टांना खुपत होतं. जेफरसन राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १८०२ मध्ये आकडा परत ५ वर आला आणि सर्वसाधारण अर्जदारांसाठी आजपर्यंत तिथेच आहे. त्या ५ वर्षांमागे कुठलाही गहन अभ्यास नाही. दोन पक्षांच्या ओढाताणीत दोरी जिथे थांबली, ती ही जागा.

ही ५ वर्षं मग जगभर पसरली. ब्रिटनचा दंडक होता की एकदा राजाची प्रजा ती कायमची प्रजा. अमेरिकन नागरिक झालेल्या खलाशांनाही ब्रिटिश नौदल जहाजांवरून पकडून नेत असे, आणि १८१२ च्या युद्धाचं ते एक कारण ठरलं. १८६८ मध्ये अमेरिकेने उत्तर जर्मन राज्यसंघाशी करार केला. जो माणूस नव्या देशात ५ वर्षं सलग राहून नागरिक झाला, त्याला जुन्या देशाने आपला म्हणू नये, असं त्यात ठरलं. १८७० मध्ये ब्रिटननेही जुना दंडक सोडला आणि परक्यांसाठी ५ वर्षांच्या वास्तव्याची अट कायद्यात घातली.

त्या काळातली एक गोष्ट आज वाचताना थक्क करते. अमेरिकेत नागरिक व्हायचा इरादा कोर्टात लिहून दिला, की बरेच हक्क लगेच मिळत. १८६२ च्या कायद्याने इरादा जाहीर केलेल्या माणसाला सरकारकडून १६० एकर जमीन मिळवता येई. विस्कॉन्सिनसारख्या अनेक राज्यांत तो मतदानही करू शकत असे. हा हक्क एकेक राज्य काढून घेत गेलं; शेवटचं आर्कान्सा, १९२६ मध्ये. आज पीआरधारक २० वर्षं कर भरूनही बहुतेक देशांत राष्ट्रीय निवडणुकीत मत देऊ शकत नाही, आणि हे असंच असतं असं आपण धरून चालतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ते तसं नव्हतं.

पण वास्तव्याचा हा नियम सगळ्यांसाठी नव्हता. १७९० च्या कायद्यात 'स्वतंत्र गोरा माणूस' अशी अट होती. १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांना दार उघडलं, आशियाई बाहेरच राहिले. ताकाओ ओझावा हा जपानमध्ये जन्मलेला गृहस्थ २० वर्षं अमेरिकेच्या भूमीवर राहिला, तिथेच शिकला, घरात इंग्रजीच बोलला. नोव्हेंबर १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 'गोरा' म्हणजे कॉकेशियन वंशाचा, आणि ओझावा तसा नाही. अवघ्या तीन महिन्यांनी त्याच न्यायालयासमोर भगतसिंग थिंद उभे होते. पंजाबात जन्मलेले, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात पगडी बांधून नोकरी केलेले. त्यांना १९१८ मध्ये नागरिकत्व मिळालं होतं आणि चार दिवसांत काढून घेतलं गेलं होतं. मग दुसऱ्या राज्यात पुन्हा मिळालं आणि सरकारने पुन्हा आव्हान दिलं. तेव्हाच्या वंशशास्त्राच्या पुस्तकांत उत्तर भारतीय लोक कॉकेशियनच धरले जात, म्हणजे ओझावा खटल्यातल्या व्याख्येत थिंद बसत होते. १९ फेब्रुवारी १९२३ ला न्यायमूर्ती सदरलंड यांनी निकाल दिला की शास्त्र काही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. ओझावा खटल्याचा निकालही त्यांनीच लिहिला होता.

यानंतर आधीच नागरिक झालेल्या भारतीयांची नागरिकत्वं रद्द करायला सरकारने सुरुवात केली. वैष्णोदास बगई हे त्यांतले एक. १९१५ मध्ये ते पत्नी कला आणि तीन मुलांसह सॅन फ्रान्सिस्कोला आले, दुकान थाटलं, १९२१ मध्ये अमेरिकन नागरिक झाले. नागरिकत्व गेल्यावर कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार मालमत्ता बाळगण्याचा हक्कही गेला. भारतात जाऊन यायचं होतं, तर अमेरिकन पासपोर्ट नाकारला आणि ब्रिटिश पासपोर्ट घ्या असं सांगितलं. ज्या राजवटीपासून सुटायला त्यांनी देश सोडला, तिचाच पासपोर्ट! १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. मागे वर्तमानपत्राच्या नावे पत्र ठेवलं होतं. घर घेता येत नाही, पासपोर्ट मिळत नाही, आपण आता कोण आहोत, हा त्यातला प्रश्न होता. नागरिकत्वाला नुसता कागद म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं.

भारतीयांना अमेरिकन नागरिकत्वाचा मार्ग १९४६ च्या कायद्याने खुला झाला, तोही वर्षाला जेमतेम १०० भारतीयांना प्रवेश अशा कोट्यासह. १९२० मध्ये शिकायला आलेले दलीपसिंग सौंद १९४९ मध्ये नागरिक झाले आणि १९५६ मध्ये अमेरिकन काँग्रेसवर निवडून गेले. वंशाची अट पूर्णपणे गेली १९५२ मध्ये.

स्त्रियांची कथा वेगळ्याच अन्यायाची आहे. त्यांचं नागरिकत्व नवऱ्याच्या मागे जाई. अमेरिकेच्या १९०७ च्या कायद्याप्रमाणे परक्याशी लग्न केलेली अमेरिकन बाई तिथेच जन्मून, तिथेच राहूनही परकी ठरे. १९२२ नंतर हे टप्प्याटप्प्याने बदललं. ब्रिटनमध्ये त्यासाठी १९४९ उजाडावं लागलं.

पीआर म्हणून आज जे कार्ड मिळतं, ते या सगळ्यानंतरचं. दुसऱ्या महायुद्धाच्या छायेत १९४० मध्ये अमेरिकेने देशातल्या सगळ्या परकीयांची नोंदणी सक्तीची केली, बोटांचे ठसे घेतले, आणि युद्धानंतर कायम राहायला आलेल्यांना हिरवं कार्ड देऊ लागली. म्हणजे आज ज्याच्यासाठी लोक वर्षानुवर्षं रांगेत थांबतात, ते पाळत ठेवण्याच्या व्यवस्थेतून आलेलं आहे.

शपथविधीचा समारंभही फार जुना नाही. १९४७ पर्यंत कॅनडाचं वेगळं नागरिकत्वच नव्हतं, तिथले लोक ब्रिटिश प्रजाजन. नवा कायदा १ जानेवारी १९४७ ला लागू झाला आणि ३ जानेवारीला ओटावातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या इमारतीत पहिला समारंभ झाला. पहिल्या क्रमांकाचं प्रमाणपत्र पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांनी घेतलं. त्याच दिवशी प्रमाणपत्र घेणाऱ्यांत अर्मेनियन निर्वासित म्हणून आलेले छायाचित्रकार युसुफ कार्श होते. पंतप्रधान आणि निर्वासित एकाच समारंभात नागरिक होतात, ही कल्पना मला फार मोलाची वाटते. ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व २६ जानेवारी १९४९ पासूनचं. ब्रिटनमध्ये असे समारंभ २००४ मध्ये आले, आणि पाठोपाठ २००५ मध्ये परीक्षा.

जुनं नागरिकत्व ठेवायचं की सोडायचं, हा प्रश्न या इतिहासात सर्वांत उशिरा सैल झाला. १९३० च्या हेग करारात एका माणसाला एकच राष्ट्रीयत्व असावं असं तत्त्व मांडलं होतं. कॅनडाने १९७७ मध्ये, ऑस्ट्रेलियाने २००२ मध्ये आणि जर्मनीने सर्वांसाठी २०२४ मध्ये दुहेरी नागरिकत्व मान्य केलं. भारताने केलेलं नाही. राज्यघटनेचं ९ वं कलम आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ मिळून असं सांगतात की आपणहून दुसरं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप जातं. फाळणीनंतर कोण आपला आणि कोण त्यांचा हे ठरवण्याच्या दिवसांत हा नियम आकाराला आला. २००५ च्या दुरुस्तीनंतर ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड आलं. आयुष्यभराचा व्हिसा आणि बऱ्याच सवलती त्यात आहेत, पण मतदान नाही, घटनात्मक पद नाही, शेतजमीन विकत घेण्याची मुभा नाही. त्यामुळे शपथ घेऊन आलेला माणूस जुना पासपोर्ट जमा करायच्या तयारीला लागतो तेव्हा आनंदाबरोबर हुरहूरही असते. ती हुरहूर खरी आहे, आणि तिला भाबडेपणा म्हणू नये.

वास्तव्याचा हिशेब पुरेसा की शेजाऱ्यांची पसंतीही लागते, हा वाद अगदी अलीकडेपर्यंत चालू होता. स्वित्झर्लंडमध्ये नागरिकत्वासाठी गावपालिकेचीही मान्यता लागते. मार्च २००० मध्ये एमेन या गावी अर्जदारांवर चक्क मतपेटीतून मतदान झालं. इटालियन वंशाच्या अर्जदारांना मान्यता मिळाली आणि युगोस्लाव्हियातून आलेले सगळे नाकारले गेले. २००३ मध्ये तिथल्या संघीय न्यायालयाने अशी मतदानं घटनाबाह्य ठरवली: अर्ज नाकारायचा तर कारण द्यावं लागेल, आणि मतपेटी कारण देत नाही.

वर्षांचा आकडाही अजून स्थिर नाही. जर्मनीत २००० च्या सुधारणेत तो ८ झाला, जून २०२४ मध्ये ५, आणि भाषा व कामात विशेष प्रगती दाखवणाऱ्यांसाठी ३. सरकार बदललं आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ३ वर्षांची सोय रद्द झाली. त्या आधाराने ज्यांनी भाषेचे वर्ग लावले, कागद जमवले, त्यांना आता आणखी २ वर्षं थांबायचं आहे.