वेदपठणातील स्वरांची संगणकीय ओळख

वेदमंत्रांतील उदात्त, अनुदात्त आणि स्वरित हे स्वर संगणकाला ध्वनिमुद्रणावरून ओळखता यावेत, यासाठी आवाजातून मोजता येणारी ध्वनिलक्षणे काढण्याची प्रक्रिया. पाणिनीने ‘उच्चैरुदात्तः’, ‘नीचैरनुदात्तः’, ‘समाहारः स्वरितः’ (अष्टाध्यायी १.२.२९–३१) अशी या स्वरांची व्याख्या केली. आजच्या ऋग्वेदी व तैत्तिरीय पठणात मात्र बहुधा अनुदात्त खाली, उदात्त मध्यावर आणि स्वरित वर ऐकू येतो. सर्वांत उंच तो उदात्त, असे गृहीत धरणारी प्रणाली पहिल्याच ऋचेत चुकते.

आवाजाचे साधारण २५ मिलिसेकंदांचे तुकडे करतात. प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्यानंतर १० मिलिसेकंदांनी सुरू होतो. शब्द ओळखण्यासाठी सर्रास वापरले जाणारे मेल-सेप्स्ट्रल गुणांक (एमएफसीसी, म्हणजे ध्वनीचा पोत थोडक्यात सांगणारे आकडे) ‘इ’ आणि ‘ए’ यांतला फरक चांगला टिपतात, पण सुराची उंची त्यांत जवळजवळ पुसली जाते. इथे तर तीच हवी असते. म्हणून मूलभूत वारंवारता, म्हणजे स्वरतंतू सेकंदाला किती वेळा कंप पावतात तो आकडा, हे मुख्य लक्षण ठरते. ती स्वसहसंबंधाने (ध्वनीची त्याच्याच थोड्या पुढे सरकवलेल्या प्रतीशी तुलना करून) किंवा त्यावरच बेतलेल्या ‘यिन’ (२००२) या पद्धतीने काढतात. दुप्पट किंवा निम्मे उत्तर येण्याचा धोका असल्याने ते तपासावे लागते. क, स यांसारख्या अघोष व्यंजनांत ही वारंवारता नसतेच, त्यामुळे मोजणी अ, इ, ए अशा स्वरवर्णांपुरती ठेवतात.

कोणी ११० हर्ट्‌झवर म्हणतो, कोणी १६० वर. तेव्हा प्रत्येकाच्या स्वतःच्या मधल्या सुरापासूनचे अंतर अर्धस्वरांत (सप्तकाच्या बाराव्या भागांत) मोजणे भाग आहे. पठण लांबले की पट्टी हळूहळू सरकते, म्हणून हा आधार ऋचेगणिक नव्याने काढलेला बरा. नुसती सरासरीही पुरत नाही. तैत्तिरीय पठणातला दीर्घ स्वरित मध्यावर सुरू होऊन वर चढतो. सरासरीत हा चढ हरवतो. आरंभ, मध्य, शेवट आणि कालमान अशी वेगवेगळी नोंद केली तर तो सापडतो.

‘अ॒ग्निमी॑ळे’ मध्ये ‘अ’ अनुदात्त (खाली आडवी रेघ), ‘ग्नि’ उदात्त, ‘मी’ स्वरित (वर उभी रेघ) आणि ‘ळे’ प्रचय, म्हणजे स्वरितानंतरचे खूण नसलेले अनुदात्त अक्षर. ‘ग्नि’ आणि ‘ळे’ या दोन्हींवर खूण नाही आणि दोन्ही एकाच उंचीवर म्हटले जातात. एकेक अक्षर सुटे घेतले तर यंत्राला त्यांतला भेद कळणारच नाही. आधीचा अनुदात्त आणि नंतरचा स्वरित यांच्या क्रमावरूनच उदात्त निश्चित होतो. खरी मेख इथेच आहे.

संथेच्या (गुरूमागून शिष्यांनी म्हणण्याच्या पाठाच्या) मुद्रणात गुरूचा एकल आवाज आणि शिष्यांचे समूहपठण वेगळे करावे लागते, कारण अनेक आवाज मिसळले की एकच मूलभूत वारंवारता मिळत नाही. नमुन्यांवर कोणता स्वर ते नोंदवताना ग्रंथाची खूणपद्धतीही पाहावी लागते: ऋग्वेदाच्या पोथीत अक्षराखालची आडवी रेघ अनुदात्ताची असते, शतपथ ब्राह्मणात तीच उदात्ताची.