घरपट्टी (बेळगाव सीमाभाग)

घरपट्टी : घर, दुकान किंवा मोकळ्या प्लॉटवर स्थानिक संस्था आकारते तो वार्षिक कर. बेळगाव-खानापुरात घरपट्टी, निपाणीकडे कोल्हापूरच्या शेजारामुळे घरफाळा, आणि कन्नड बिलावर ‘आस्ति तेरिगे’.

पट्टी म्हणजे नेमल्या साऱ्याखेरीज बसवलेली जादा आकारणी, तर फाळा म्हणजे सामायिक खर्चातला ज्याच्या त्याच्या वाट्याचा हिस्सा. त्यावरून पट्टी वरून लादलेली आणि फाळा गावाने आपसात वाटून घेतलेला, असा भेद करता येतो. तो आकर्षक आहे, पण प्रत्यक्ष वापरात टिकत नाही. घरे आणि धंदे यांवरच्या मोहतर्फ्यात या कराचे मूळ शोधण्याचाही मोह होतो. मोहतर्फा मात्र सरकारी खजिन्यात जाई आणि मुंबई इलाख्यात तो १८४४ च्या सुमारास बंद झाला. घरपट्टी गावातच खर्चायची, म्हणून तिचा धागा नगरपालिका कायद्यांशी जोडणे अधिक सयुक्तिक.

१९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होते. तेव्हाची आकारणी वार्षिक भाडेमूल्यावर, म्हणजे घर भाड्याने दिले तर काय येईल या अंदाजावर होई. पुढे कर्नाटकाचे १९६४ (नगरपालिका) व १९७६ (महानगरपालिका) हे कायदे लागू झाले. या शतकाच्या आरंभी त्यांत बदल होऊन भांडवली मूल्य (मिळकतीच्या किमतीवरची आकारणी) आणि स्वयंघोषित आकारणी आली. आता उपनिबंधक कार्यालयाचा मार्गदर्शक दर (महाराष्ट्रातला रेडी रेकनर), बांधकामाचे क्षेत्रफळ, वापर आणि इमारतीच्या वयाप्रमाणे घसारा यांवरून मालकानेच हिशेब मांडायचा असतो. पूर्वी कर दर तीन वर्षांनी १५ टक्के वाढे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तो दरवर्षी ३ ते ५ टक्के वाढतो. कॅम्प भागात छावणी मंडळाचा (कॅन्टोन्मेंट बोर्डाचा) कारभार असल्याने तिथे मात्र भाडेमूल्याची जुनी रीत चालू आहे.

बिल कन्नडमध्ये असले तरी मराठी माणूस निम्मे ताडतो. ‘बाकी’ आणि ‘दंड’ हे शब्द आपलेच; ‘रियायिति’ म्हणजे सूट, ‘ओट्टु’ म्हणजे एकूण. अडखळायला होते ते ‘बड्डी’पाशी. बड्डी म्हणजे व्याज. मूळ करावर आरोग्य उपकर १५, ग्रंथालय उपकर ६ आणि भिक्षुक उपकर ३ टक्के चढतो. म्हणजे ४,००० रुपयांच्या करावर ९६० रुपये. घनकचरा शुल्क निराळे. भिक्षुक उपकराची रक्कम निराश्रितांच्या केंद्रांसाठी असते, हे भरणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते.

एप्रिलमध्ये भरल्यास ५ टक्के सूट. मे-जूनमध्ये सूटही नाही, दंडही नाही. जुलैपासून दरमहा २ टक्के बड्डी, म्हणजे ५,००० ची बाकी डिसेंबरअखेर भरणाऱ्याला ६०० रुपये जास्त. चलन ऑनलाइन किंवा बेळगाव वन केंद्रात निघते.

पावतीवर नाव आहे म्हणून मालकी सिद्ध होत नाही. त्यासाठी खरेदीपत्र आणि सिटी सर्व्हेचा उतारा लागतो. तरीही बाकी फेडल्याशिवाय ई-खाते, म्हणजे मिळकतीचा संगणकीकृत उतारा, मिळणे अवघड, आणि २०२४ पासून ई-खात्याशिवाय खरेदीची नोंदणी होत नाही. ग्रामपंचायत हद्दीत ई-खात्याचे काम ई-स्वत्तू या ऑनलाइन मिळकत नोंदणीतले नमुना ९ व ११ हे उतारे करतात.