हलकी विमाने, वापरलेली : ऑनलाइन लिलावातून खरेदी

एक वा दोन इंजिनांचे, ५,७०० किग्रॅ.पेक्षा कमी उड्डाणवजनाचे आणि आधी इतरांनी वापरलेले विमान संकेतस्थळावर बोली लावून विकत घेण्याची पद्धत. वजनाची ही मर्यादा नियमांच्या सोयीची आहे. लिलावात येणारी बहुतेक विमाने तिच्या पुष्कळ खालची, दोन ते सहा आसनांची असतात. विक्रेता खाजगी मालक, उड्डाण क्लब, थकलेल्या कर्जापोटी विमान ताब्यात घेतलेली बँक, विमा कंपनी किंवा सरकारी खाते यांपैकी कोणीही असू शकतो.

पूर्वपीठिका : या पद्धतीचा उगम कोठे मानावा याबद्दल एकमत नाही. काही लेखक तो पहिल्या महायुद्धानंतरच्या शिल्लक विमानांच्या विक्रीत शोधतात. अमेरिकेत कर्टिस जेएन-४ ही लष्करी प्रशिक्षण विमाने तेव्हा नागरिकांना स्वस्तात मिळाली. ब्रिटनमध्ये १९२० साली एअरक्राफ्ट डिस्पोजल कंपनीने सरकारचा शिल्लक साठाच्या साठा उचलला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत हेच काम वॉर ॲसेट्स ॲडमिनिस्ट्रेशनकडे आले. मात्र या विक्रीचा मोठा भाग ठोक सौद्यांचा किंवा ठरावीक दराचा होता. खुल्या बोलीशी त्याचा संबंध जोडणे ओढूनताणून वाटते. १९३७ पासून निघणाऱ्या ‘ट्रेड-ए-प्लेन’सारख्या जाहिरातपत्रांचा वारसा अधिक जवळचा दिसतो, कारण न पाहिलेल्या विमानासाठी दूरच्या अनोळखी माणसाशी व्यवहार करण्याची सवय तेथे रुळली.

ऑनलाइन लिलावाच्या जन्माबाबतही असाच वाद आहे. ‘ऑनसेल’ आणि ‘ऑक्शनवेब’ (पुढे ‘ईबे’) ही दोन्ही स्थळे १९९५ मधली. ऑनसेल काही महिन्यांनी आधीचे. परंतु ऑनसेलवर मुख्यतः व्यापारी माल विकला जाई, तर ऑक्शनवेबवर एक माणूस दुसऱ्याला वस्तू विकत असे. जुन्या विमानाचा विक्रेता बहुधा एकटादुकटा मालक असल्याने या नोंदीपुरता दुसरा वंश महत्त्वाचा. विमाने अशा स्थळांवर साधारणपणे १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून दिसू लागली असावीत. २००१ साली ईबेवर ४९ लाख डॉलरना गेलेल्या गल्फस्ट्रीम-२ या जेटचा दाखला वारंवार दिला जातो. ते हलके विमान नव्हते, पण या मार्गाची प्रसिद्धी त्याने झाली.

मालाचे वय : या बाजारातील विमाने मोटारींच्या मानाने फार जुनी असतात. अमेरिकेत १९७८ मध्ये सुमारे १७,८०० सामान्य वापराची (प्रवासी कंपन्या व लष्कर यांच्या बाहेरची) विमाने तयार झाली; १९८६ मध्ये हा आकडा १,५०० च्या आसपास उतरला. उत्पादकांवरील नुकसानभरपाईचे दावे हे घसरणीचे एक कारण मानले जाते आणि १९९४ च्या कायद्याने अशा दाव्यांना १८ वर्षांची मुदत घातली. ४४,००० हून अधिक संख्येने बनलेल्या सेसना १७२ चे उत्पादनही मधली सुमारे दहा वर्षे बंद होते. त्यामुळे चाळीस-पन्नास वर्षांचे विमान लिलावात येणे नित्याचे आहे.

बोलीचे कायदेशीर स्वरूप : मुदत संपताच सर्वांत वरची बोली आपोआप करार ठरते काय, हा प्रश्न बराच काळ मोकळा होता. प्रत्यक्ष लिलावात पुकारा करणारा हातोडा आपटतो. येथे फक्त घड्याळ थांबते. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २००१ मध्ये अशा व्यवहाराकडे प्रस्ताव आणि स्वीकृती या साध्या चौकटीतून पाहिले. विमानाबाबतचा ठळक निवाडा ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सच्या सर्वोच्च न्यायालयाचा (२००७) आहे. १९४६ चे एक विरावे (ऑस्ट्रेलियन लष्करी विमान) ईबेवर मांडले होते. किमान अपेक्षित किंमत १,५०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर. तेवढीच बोली मुदत संपता संपता आली. मधल्या काळात विक्रेत्याने एक लाख डॉलर जास्त देणाऱ्या दुसऱ्या ग्राहकाशी बोलणी ठरवली होती, म्हणून त्याने विमान देण्यास नकार दिला. न्यायालयाने करार बंधनकारक ठरवून विमानच द्यावे असा आदेश दिला. या निकालावरून प्रत्येक ऑनलाइन बोली सर्वत्र बंधनकारक आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. संकेतस्थळाच्या अटी, राखीव किंमत आणि त्या त्या देशाचा कायदा यांवर पुष्कळ अवलंबून असते. वाहनांच्या बोलीला केवळ इरादा मानणारी स्थळेही आहेत.

मालकी व बोजा : करार झाला म्हणजे निर्वेध मालकी मिळाली असे नव्हे, आणि जाणकारांच्या मते खरा धोका येथेच आहे. १९४४ च्या शिकागो करारानुसार विमान एका वेळी एकाच देशात नोंदलेले असते, पण नोंदणी म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे; अमेरिकी कायद्यात तसे स्पष्ट म्हटले आहे. तेथील विक्रीपत्रे आणि तारणाचे कागद ओक्लाहोमा सिटी येथील नोंदणी कार्यालयात दाखल होतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९८३ मध्ये आलेल्या खटल्यात पहिल्या खरेदीदाराने पूर्ण पैसे देऊन विमान ताब्यात घेतले होते. विक्रेत्याने मूळ विक्रीपत्रांऐवजी छायाप्रती हाती ठेवल्या, ‘कागदांचे मी पाहतो’ असे सांगितले आणि तेच विमान पुन्हा दुसऱ्याला विकले. न नोंदलेले हस्तांतरण निरपराध तिऱ्हाइताविरुद्ध चालत नाही, असे न्यायालयाने ठरवले. म्हणून बोली जिंकल्यावर रक्कम थेट विक्रेत्याला न देता त्रयस्थाकडे ठेवतात आणि नोंदींचा शोध घेऊन, कागद दाखल झाल्यावरच ती सुटी करतात. एवढे करूनही दुरुस्ती कारखान्याच्या थकबाकीचा बोजा काही ठिकाणी नोंदीत दिसत नाही.

विमानांसारख्या मालावरील तारणहक्कांविषयीच्या २००१ च्या केपटाउन कराराची आंतरराष्ट्रीय नोंदवही या कामी सहसा उपयोगी पडत नाही. चालकासह किमान आठ माणसे किंवा २,७५० किग्रॅ.पेक्षा जास्त माल वाहण्यास प्रमाणित झालेली विमानेच तिच्या कक्षेत येतात. पिस्टन इंजिनालाही ५५० अश्वशक्तीची अट आहे.

तपासणी : ‘जसे आहे, जेथे आहे’ ही लिलावाची नेहमीची अट असल्याने पाहणी बोलीच्या आधी करावी लागते. खरेदीपूर्व तपासणीची कायदेशीर व्याख्या अमेरिकी नियमांत नाही. वार्षिक तपासणीची व्याप्ती ठरलेली असते, हिची ग्राहक आणि मेकॅनिक यांच्यात ठरेल तेवढीच. मेकॅनिक सिलिंडरांचा दाब मोजतो, आत बोरोस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालून पाहतो, तेलाचा फिल्टर कापून धातूचे कण शोधतो आणि ढाचा, इंजिन व प्रॉपेलर यांची लॉगबुके वाचतो. यांतले एखादे लॉगबुक हरवलेले असल्यास किंमत लक्षणीय उतरते.

जाहिरातीतील इंजिनाच्या तासांचा आकडा सुटा वाचू नये. लायकमिंगच्या ओ-३२० इंजिनाला उत्पादक २,००० तासांनी किंवा १२ वर्षांनी ओव्हरहॉल (इंजिन पूर्ण उघडून केलेली दुरुस्ती) सुचवतो. ‘ओव्हरहॉलनंतर फक्त ४०० तास’ असे लिहिलेले असते आणि लॉगबुकात ओव्हरहॉलची तारीख पंचवीस वर्षांपूर्वीची निघते. अशा इंजिनात कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या (मुख्य फिरत्या दांड्याच्या) वर बसवलेला असतो. विमान महिनोन्‌महिने उभे राहिले की त्यावरचे तेल निथळून जाते, उघड्या पृष्ठभागावर गंजाचे खड्डे पडतात आणि दाबाच्या चाचणीत ते दिसत नाहीत. कमी उडालेले विमान म्हणजे चांगले विमान, ही समजूत म्हणूनच फसवी आहे.

उड्डाणयोग्यतेसंबंधीचे सक्तीचे आदेश वेगळे पाहावे लागतात. २०१८ मध्ये फ्लोरिडात पायपर पीए-२८ मालिकेतील एका प्रशिक्षण विमानाचा पंख धातूच्या थकव्यामुळे हवेत तुटला. त्यानंतर या मालिकेतील अनेक विमानांच्या पंखांच्या स्पारची (पंखातील मुख्य तुळईची) एडी करंट तपासणी, म्हणजे विद्युत्प्रवाहाने धातूतील तडे शोधण्याची चाचणी, सक्तीची झाली. सरकारी खात्याच्या लिलावातील विमानांत आणखी एक अडचण असते : सरकारी सेवेत असताना त्यांची देखभाल नागरी नियमांनुसार झालेली असेलच असे नाही, आणि नागरी उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र मिळवणे कधी विमानाच्या किमतीपेक्षा महाग पडते.

बोलीचे अर्थशास्त्र : विक्रेत्याला मालाचे दोष ठाऊक आणि ग्राहकाला नाहीत, अशा बाजारात चांगला माल मागे हटतो, हे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांचे १९७० चे प्रतिपादन येथे सहज लागू केले जाते. दुसरा मुद्दा विजेत्याच्या तोट्याचा. वस्तूची खरी किंमत सर्वांना सारखीच, पण अंदाज वेगवेगळे असतील, तर सर्वांत फाजील अंदाज करणारा जिंकतो; तेलक्षेत्रांच्या लिलावांवरून हे १९७१ मध्ये मांडले गेले. विमानाची किंमत ज्याच्या त्याच्या हौसेवर ठरते, असा आक्षेप यावर घेतात. दुर्मिळ लष्करी विमानांपुरता तो मान्य करता येईल. दरपुस्तिका उपलब्ध असलेल्या सर्वसाधारण प्रशिक्षण विमानांबाबत खरी किंमत सर्वांना सारखी ही मांडणी अधिक पटते. शेवटच्या क्षणी बोली टाकण्याची चाल ठरल्या क्षणी बंद होणाऱ्या लिलावांत जास्त आढळते, असे ॲल्विन रॉथ व ॲक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ मध्ये दाखवले. उशिरा बोली आल्यास मुदत काही मिनिटांनी वाढवण्याची सोय विमानांच्या अनेक लिलावांत असते.

ताबा : उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र चालू असल्यास विमान उडवून नेतात, नसल्यास एका उड्डाणापुरती विशेष परवानगी लागते, अन्यथा पंख उतरवून ते ट्रकने न्यावे लागते. विमान परदेशी जात असल्यास आधीच्या देशातील नोंदणी रद्द झाल्याखेरीज नवी नोंदणी होत नाही.