भावकी किती लांबची?

मृत्यूची बातमी आली की घरातली वडीलधारी माणसं डोळे पुसता पुसता विचारतात, "सुतक किती दिवसांचं?" दहा की तीन, हे सांगायचं तर गेलेला माणूस कितव्या पिढीत आपल्याला येऊन मिळतो ते माहीत असावं लागतं. सोलापुरात हा हिशेब तोंडपाठ असणारी माणसं अजून आहेत, पण बहुतेक ऐंशीच्या पुढची. त्यांच्या नातवंडांना "आपल्या भावकीतले" एवढंच ठाऊक असतं. म्हणून गड्ड्याच्या यात्रेला किंवा नारळी पौर्णिमेच्या मार्कंडेय रथोत्सवाला पाहुणे जमले की एखादा तरुण सुचवतो: सगळ्यांची डीएनए तपासणी करू, वंशावळ आपोआप निघेल.

तशी ती निघत नाही. सोलापुरात तर नाहीच नाही, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

आपला निम्मा डीएनए आईचा, निम्मा वडिलांचा. पण आजोबा-आजींचा वाटा काटेकोर पाव-पाव नसतो. वडिलांना त्यांच्या आईवडिलांकडून गुणसूत्रांचे दोन संच मिळालेले असतात. पुढे देताना हे संच पत्त्यांसारखे पिसले जातात, मात्र एकेक पान सुटं होत नाही, लांब लांब गठ्ठेच इकडचे तिकडे होतात. वडिलांकडून येताना साधारण 26 ठिकाणी अदलाबदल होते, आईकडून येताना 41 ठिकाणी. दर पिढीला गठ्ठे तुटत जातात आणि बरेचसे वाटेतच गळतात.

त्यामुळे सख्ख्या भावंडांत सरासरी 50 टक्के डीएनए समान असला तरी प्रत्यक्षात तो 40 ते 60 टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. आजोबा एक असलेल्या चुलत भावंडांत सरासरी साडेबारा टक्के, पणजोबा एक असतील तर सुमारे 3 टक्के, खापरपणजोबा एक असतील तर एक टक्क्याहूनही कमी. या शेवटच्या पायरीवर दहांतल्या एखाद्या जोडीत काहीच समान सापडत नाही. आणखी एक पिढी मागे गेलं की जवळपास निम्म्या जोड्या कोऱ्या निघतात. नातं खरं असतं, कागदावर सिद्धही असतं, पण डीएनएत त्याची खूण उरलेली नसते.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या घरांना हे थेट लागू पडतं. इथली पहिली कापड गिरणी 1877 मध्ये निघाली. त्यानंतरच्या काळात गिरण्यांच्या आणि मागांच्या कामावर तेलंगणातून, करीमनगर, वरंगळ, नलगोंड्याकडून पद्मशाली विणकरांची घरं इथे येत राहिली. कुणी इथेच थांबले, कुणी पुढे मुंबई, भिवंडी, सुरतेला गेले. आज तिशीत असलेल्याच्या दृष्टीने घराच्या शाखा फुटल्या त्या बहुधा पणजोबा-खापरपणजोबांच्या पिढीत, म्हणजे डीएनएची खूण पुसट व्हायला लागते नेमक्या त्याच पायरीवर.

दुसरी अडचण याच्या बरोबर उलट आहे. इथे नातं आहे त्याहून जवळचं दिसतं. आते-मामे भावंडांची लग्नं आपल्याकडे मराठी, कन्नड, तेलुगू घरांत पिढ्यान्‌पिढ्या होत आली. कन्नड-तेलुगू घरांत मामा-भाचीचं लग्नही रूढ होतं. हिंदू विवाह कायद्यानेही (1955) जवळच्या नात्यातल्या लग्नांना मनाई करताना रूढीचा अपवाद ठेवला आहे. अशा लग्नांत वंशवृक्षाच्या फांद्या पुन्हा एकमेकींना येऊन मिळतात. आईवडील आते-मामे भावंडं असतील तर मुलाला पणजोबा-पणजी आठ नसतात, सहाच असतात. मामा-भाचीच्या मुलाचे तर वडिलांकडून जे आजोबा, तेच आईकडून पणजोबा!

आता समजा, असे दोघं जण तपासणी करतात. पणजोबा एकच असल्याने 3 टक्के समान निघायला हवेत. पण दोघांची घरं दुसऱ्या बाजूनेही तितकीच जवळ असतील तर आकडा 6 टक्क्यांच्या पुढे जातो. डीएनए तपासणाऱ्या कंपनीचा संगणक युरोपीय कुटुंबांच्या ठोकताळ्यावर अंदाज बांधतो आणि सांगतो की हे तुमच्या वडिलांचे चुलत भाऊ असावेत. एक अख्खी पिढी चुकते. त्याच्या भरवशावर जोडलेला वंशवृक्ष पुढे वाकडाच वाढतो.

यावर एक चांगला उपाय आहे, तो मात्र फार थोडे लोक वापरतात. एकूण टक्केवारी बाजूला ठेवायची आणि सर्वांत लांब समान तुकडा किती मोठा आहे ते पाहायचं. तुकड्याची लांबी सेंटिमॉर्गनमध्ये देतात. हे नाव थॉमस हंट मॉर्गन यांच्यावरून आलं. गुणसूत्रांवरच्या कामासाठी त्यांना 1933 चं नोबेल मिळालं. नातं जवळचं असेल तर तुकडे थोडे पण लांब असतात. जुनं नातं अनेक वाटांनी आलेलं असेल तर तुकडे पुष्कळ, पण आखूड. बेरीज दोन्हीकडे सारखी भरू शकते, म्हणूनच नुसती बेरीज फसवते.

आखूड तुकड्यांची ही गर्दी एकेका घरापुरती नाही. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणवीय जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेचे आणि हार्वर्डचे शास्त्रज्ञ यांनी 2017 मध्ये दक्षिण आशियातल्या 260 हून अधिक समाजांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतले 81 समाज मोजक्या मूळ पूर्वजांपासून इतक्या बंदिस्तपणे वाढलेले निघाले की फिनलंडचे लोक आणि युरोपातले अश्केनाझी ज्यू, म्हणजे या बाबतीतली जगप्रसिद्ध उदाहरणं, मागे पडली. जातीतच लग्न करण्याची ही किंमत दवाखान्यात दिसते. दक्षिणेतल्या वैश्य समाजात एक विकर (शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, एन्झाइम) कमी असलेली माणसं इतरांपेक्षा कितीतरी जास्त आढळतात. भूल देताना स्नायू सैल करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या एका औषधाचा असर त्यांच्यात लांबतो, श्वास परतायला तास तास लागू शकतात. घरात कुणाला असं झालं असेल तर ते वंशावळीत लिहायलाच हवं आणि शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना सांगायला हवं. माझ्या लेखी वंशावळ जुळवण्याचं हे कारण मेळाव्यातल्या फोटोंपेक्षा मोठं आहे.

आपल्या लेखी वंशावळींत मुलीच नसतात. वडिलांकडून मुलाला जाणारं वाय गुणसूत्र आडनावाच्या वाटेने जातं, त्यामुळे ती बाजू कागदावर आणि डीएनएत दोन्हीकडे सापडते. आईकडून सगळ्या मुलांना मिळणारा मायटोकाँड्रियाचा (पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भागाचा) डीएनए (16,569 अक्षरांचा) आजी, पणजी, तिची आई अशी वाट शाबूत ठेवतो. पण त्या वाटेवरच्या बायकांची नावं कुठे आहेत? लग्नात आडनाव बदललं, पुष्कळदा पहिलं नावही. पणजीचं माहेर कोणतं, हे सांगणारं माणूस गेलं की ती वाट बिननावाची होते. कुठलीच प्रयोगशाळा ते नाव परत देत नाही.

म्हणून डीएनए तपासणीसाठीच्या थुंकीच्या नळीआधी माणसं गाठायची. म्हाताऱ्या बायकांना आधी विचारायचं: माहेर कुठलं, लग्नाआधी काय म्हणायचे, मामा कोण, मामाच्या घरात कुणाची मुलगी दिली, कुलदैवत कोणतं, मूळ गाव सोडलं तेव्हा बरोबर कोण आलं. बोलणं मोबाइलवर टेप करून ठेवायचं, कारण पहिल्या बैठकीत ज्या नावाला काहीच अर्थ वाटत नाही ते पुढे कुठेतरी जुळतं. मग कागद: जमीन असेल तर सातबारा आणि जुने फेरफार, कारण वारस नोंदवताना बहिणींची नावंही तिथे येतात. शाळेचं जनरल रजिस्टर, गावच्या कोतवाल बुकातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी. जुना भाग मोडी लिपीत असतो, त्याला जाणकार लागतो. सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडच्या आणि कर्नाटकातल्या कित्येक घराण्यांच्या वंशावळी हेळवी समाजाच्या चोपड्यांत आहेत. बैलावर बसून गावोगाव फिरत त्यांनी त्या पिढ्यान्‌पिढ्या लिहिल्या. हे काम शास्त्रज्ञांइतक्याच आदराला पात्र आहे.

एवढं झाल्यावरही दोन शाखांमधला एखादा दुवा सुटत असेल, तर डीएनए खरोखर उपयोगी पडतो. पण तपासायचं सर्वांत म्हाताऱ्यांना. आजीच्या थुंकीत नातवाच्या चौपट खूण असते, आणि तिच्याकडून नात्याची पायरीही दोनने जवळ येते.

परवानगी मात्र सगळ्यांची हवी. नमुना एकाचा असला तरी माहिती भाऊबंदांचीही जाते. अमेरिकेतल्या ट्वेंटीथ्री अँड मी या मोठ्या कंपनीकडून 2023 मध्ये सुमारे 69 लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली आणि मार्च 2025 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. शिवाय आपल्याकडे दत्तक घेण्याची चाल जुनी. बहिणीचा मुलगा मांडीवर घेतला, त्याच्या पोटी पुढची पिढी वाढली, हे काही घरांत सगळ्यांना ठाऊक असतं, काही घरांत एकाच माणसाला. वाय गुणसूत्र जुळलं नाही तर ते कळणारच. तसं झालं तर कुणाला सांगायचं, कुणी सांगायचं आणि ज्याला जाणून घ्यायचंच नाही त्याचं काय, हे नळ्या मागवण्याआधी घरात बसून ठरवून घ्यावं.