प्रभाग कोण आखणार? सरकार आणि राज्य निवडणूक आयोगातली जुनी ओढाताण

नोव्हेंबर २०२० मध्ये गोवा सरकारने राज्य निवडणूक आयुक्तपदाचा अतिरिक्त कार्यभार आपल्याच कायदा सचिवांकडे सोपवला. म्हणजे सरकारला कायदेशीर सल्ला देणाऱ्या अधिकाऱ्यानेच खुर्ची बदलून त्या सरकारपासून स्वतंत्र राहायचे आणि पालिका निवडणुका घ्यायच्या. मंत्रालयांत अतिरिक्त कार्यभार ही रोजचीच बाब, म्हणून सोयीचे वाटले असेल.

प्रकरण कोर्टात गेले ते मात्र आरक्षणावरून. मडगाव, म्हापसा, मुरगाव, सांगे आणि केपे या पालिकांमधले प्रभाग आरक्षण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी रद्द केले. महिलांसाठी किमान एक तृतीयांश जागा ठेवण्याचा साधा हिशेबही तिथे नीट जमलेला नव्हता. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १२ मार्चला जास्तच अडचणीत आले. न्या. रोहिंटन नरिमन यांच्या खंडपीठाने उच्च न्यायालयाचा निकाल कायम ठेवला. शिवाय, सरकारी पदावर असलेली व्यक्ती राज्य निवडणूक आयुक्त असू शकत नाही, हे देशातल्या सगळ्या राज्यांसाठी सांगून टाकले.

या वादाचे मूळ १९९३ मध्ये लागू झालेल्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीत आहे. त्याआधी पालिका-पंचायतींच्या निवडणुका बऱ्याच अंशी राज्य सरकारच्या मर्जीवर असत; मुदत संपली तरी वर्षानुवर्षे लांबत. अनुच्छेद २४३-के ने मतदार याद्या आणि निवडणुकांचे नियंत्रण स्वतंत्र आयोगाकडे दिले. आयुक्तांना हटवायचे तर उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला लागू असलेलीच पद्धत. पण त्याच अनुच्छेदाने निवडणुकीसंबंधी कायदे करण्याचा अधिकार विधिमंडळाकडे ठेवला. खरी मेख इथे आहे.

२००६ मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, आपल्या क्षेत्रात राज्य आयोगाचे स्थान भारतीय निवडणूक आयोगासारखेच आहे. सरकार सहकार्य करत नसेल तर आयोगाने कोर्टात यावे. दोनच वर्षांनी, मार्च २००८ मध्ये, महाराष्ट्र विधानसभेने राज्य निवडणूक आयुक्त नंदलाल यांना विशेषाधिकार भंगाबद्दल दोन दिवस तुरुंगात पाठवले. कागदावरचा दर्जा आणि प्रत्यक्षातली पत यांत किती अंतर असू शकते, ते तेव्हा दिसले.

तरीही सरकारे आयोगाला सहसा थेट भिडत नाहीत. मतदान, मोजणी, आचारसंहिता आयोगाची. त्यावर कुणी हात ठेवत नाही. हात ठेवायचा तो आधीच्या टप्प्यावर. प्रभागाची हद्द कोणत्या नाल्यापर्यंत, कोणती वस्ती पलीकडच्या प्रभागात, एका प्रभागात नगरसेवक एक की चार, हे ठरल्यावर मग हरकती-सूचना आणि आरक्षणाची सोडत. तिथे शाळकरी मुलांच्या हातून सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढल्या जातात. सोडत पारदर्शकच असते हो, पण नकाशा तोवर पक्का झालेला असतो.

मार्च २०२२ मध्ये महाविकास आघाडी सरकारने कायदा बदलून प्रभाग रचनेचा अधिकार आयोगाकडून स्वतःकडे घेतला. निमित्त ओबीसी आरक्षणाचे होते. या आरक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलेली तिहेरी चाचणी (स्वतंत्र आयोगाकडून आकडेवारी, त्यावरून प्रत्येक संस्थेतले प्रमाण आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत) पूर्ण व्हायची होती आणि तोवर निवडणुका नकोत, यावर सर्व पक्षांचे एकमत होते. ४ मे २०२२ रोजी न्यायालयाने आयोगाला ११ मार्चपूर्वीच्या, म्हणजे हा कायदा लागू होण्याआधीच्या, रचनेनुसार पुढे जायला सांगितले. पुढे सरकार बदलले. नव्या सरकारने मुंबईचे २३६ प्रभाग पुन्हा २२७ केले. आयोगाचा अधिकार मात्र परत केला नाही. प्रकरण पुन्हा कोर्टात अडकले.

मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली होती. मतदान झाले १५ जानेवारी २०२६ रोजी. घटनेप्रमाणे मुदत संपण्याआधीच व्हायला हवी असलेली निवडणूक, जवळजवळ चार वर्षे उशिरा. मधल्या काळात सरकारने नेमलेले महापालिका आयुक्तच प्रशासक होते. अर्थसंकल्प प्रशासनाचा आणि त्यावर मंजुरीची सहीही प्रशासकाचीच.